लोहाला कोट घालायचा कशाला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ॲनिमियावर लिहिताना एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले होते, की मिठात वगैरे लोह घालायचं असेल तर ते बऱ्याचदा मायक्रोएन्कॅप्सुलेट करून घालतात, म्हणजे लोहाच्या प्रत्येक बारीक कणावर पातळ आवरण चढवतात. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. माझं कामच या विषयातलं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं मीठ वापरतो. डब्यात मधेमधे तपकिरी ठिपके दिसतात. सासूबाई म्हणतात मीठ खराब झालंय, टाकून दे. टाकू का? (एक गृहिणी)

ताई, लगेच टाकू नका, आधी नीट बघा. एका पांढऱ्या बशीत चमचाभर मीठ पातळ पसरवा आणि उजेडात धरा. तो ठिपका म्हणजे एक सुटा दाणा आहे का, आणि त्याच्या आजूबाजूचं मीठ पांढरंशुभ्र आहे का हे बघायचं. तसं असेल तर काळजीचं कारण नाही. अशा मिठात पुष्कळदा फेरस फ्युमरेट नावाचं लोह असतं आणि ते मुळातच लालसर तपकिरी रंगाचं असतं, त्याच्यावर पांढरं आवरण चढवून ते मिठाच्या दाण्यासारखं दिसेल असं केलेलं असतं, मग वाहतुकीत, भरताना, घासून घासून एखाद्या दाण्याचा कोट कुठे खरवडला गेला की आतला मूळ रंग दिसतो, एवढंच.

पण त्या दाण्याभोवती पिवळट डाग पसरलेला दिसला, मीठ ओलसर होऊन त्याचे गोळे झाले असतील, तर मात्र लोह कोटाच्या बाहेर आलंय. ते मीठ विषारी होत नाही, पण त्याचा निम्मा उपयोग गेलेला असतो. कारण मिठातलं आयोडीन बहुतेक वेळा आयोडेट नावाच्या संयुगाच्या रूपात असतं, आणि ओलाव्यात फेरस लोह (लोहाची दोन रूपं असतात, फेरस आणि फेरिक) त्या आयोडेटला भिडलं की आयोडेटचं मोकळं आयोडीन होतं आणि ते हवेत उडून जातं. इकडे फेरसचं फेरिक होतं, ते शरीराला घ्यायला अवघड आणि वर पिवळं-तांबडं दिसतं ते वेगळंच. म्हणजे एका मिठात दोन चांगल्या गोष्टी घातल्या आणि दोघींनी एकमेकींना वाया घालवलं. ह्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवायचं म्हणून तो कोट. टोरोंटो विद्यापीठात लेव्हेंटे डिओसाडी आणि त्यांच्या टीमने अनेक वर्षं नेमकं याच प्रश्नावर काम केलंय, लोहाचे दाणे मिठाच्या दाण्याएवढेच बनवायचे म्हणजे पिशवीत ते तळाला किंवा वर गोळा होत नाहीत, मग पांढरा रंग, मग पाणी आत न शिरू देणारा थर.

तुमच्या हातात काय आहे तर मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चमचा कोरडा वापरा, आणि डबा शेगडीच्या वाफेपासून लांब ठेवा. सासूबाईंनाही बशीतलं मीठ दाखवा, त्यांची शंका चुकीची नव्हती.

प्रश्न : पाकिटावर लोह इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. आम्ही वर्षभर फोर्टिफाइड, म्हणजे लोह वगैरे वरून घातलेलं, पीठ खातोय, घरातल्या कोणाचंच हिमोग्लोबिन हललेलं नाही. हे सगळं मार्केटिंग आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्केटिंग म्हणून सगळंच झटकून टाकता येणार नाही, पण पाकिटावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो हे अगदी खरं. किती लोह घातलं हे तिथे लिहिलेलं असतं, कोणतं लोह घातलं आणि त्यातलं रक्तापर्यंत किती पोचतं हे सहसा कोणी सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह शोषलं जातं आणि तिथली यंत्रणा फेरस लोह घेते, तेही विरघळलेलं असेल तरच. फेरस सल्फेट पाण्यात पटकन विरघळतं, म्हणून त्याचं शोषण १०० धरून बाकीच्यांची तुलना करतात. फेरस फ्युमरेट पाण्यात फारसं विरघळत नाही पण पोटातल्या ॲसिडमध्ये विरघळतं, त्यामुळे मोठ्या माणसांत तेही जवळजवळ तितकंच चांगलं. फेरिक पायरोफॉस्फेट पांढरं असतं, चव नाही, रंग बदलत नाही, उत्पादकाला सोयीचं, पण शोषण बरंच कमी आणि ते कणाच्या आकारावर आणि सोबत काय खाल्लं त्याच्यावर हलत राहतं. आणि नुसती लोखंडाची भुकटी, म्हणजे एलिमेंटल आयर्न, ही सगळ्यात स्वस्त, पण तिच्यातले काही प्रकार इतके कमी विरघळतात की पाकिटावर आकडा भरघोस आणि रक्तात जवळजवळ काहीच नाही. लोह वाचायचं तर असं वाचायचं सर, आधी नाव मग आकडा.

आता गंमत अशी की जे लोह सगळ्यात चांगलं शोषलं जातं तेच अन्नात सगळ्यात जास्त त्रास देतं. फेरस सल्फेट पिठात घालून पीठ बरेच दिवस ठेवलं तर पिठातल्या तेलाला खवट वास यायला लागतो, कारण लोह त्या ऑक्सिडेशनला हातभार लावतं. चहात घातलं तर चहा शाईसारखा काळानिळा होतो, आणि हे मी उपमा म्हणून म्हणत नाहीये, शेकडो वर्षं शाई अशीच बनवायचे, झाडाच्या सालीतलं किंवा गाठीतलं टॅनिन आणि फेरस सल्फेट एकत्र करून. शिवाय तोंडात धातूची चव येते ती वेगळी. म्हणून उत्पादक कमी शोषलं जाणाऱ्या पण गप्प बसणाऱ्या लोहाकडे वळतात. मायक्रोएन्कॅप्सुलेशन या अडचणीतून वाट काढायला आलं, की चांगलं शोषलं जाणारं लोहच घ्या पण ते अन्नात असेपर्यंत झाकून ठेवा. डब्याच्या झाकणासारखं आहे हे, प्रवासात घट्ट बसलं पाहिजे आणि जेवायला बसल्यावर हाताने उघडलं पाहिजे. झाकण सैल असेल तर लोह अन्नात सांडतं, फारच घट्ट असेल तर लोह जसंच्या तसं शरीराबाहेर जातं, आणि हे दुसरं अपयश दिसतच नाही. रंग छान, चव छान, वास छान, तक्रार कोणाचीच नाही, आणि रक्तात फरक शून्य!! मला याचीच जास्त काळजी वाटते.

चांगलं केलं तर फरक पडतो का? पडतो. मोरोक्कोच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात मिठात आयोडीनसोबत हायड्रोजनेटेड वनस्पती तेलाचा कोट चढवलेलं फेरस सल्फेट दिलं होतं, एक ग्रॅम मिठात एक मिलिग्रॅम लोह. ४० आठवड्यांत लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या ॲनिमियाचं प्रमाण त्या गटात ३५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. पण त्याच कामात हेही दिसलं की हवा दमट झाली आणि मीठ ओलसर असलं की रंग बिघडतो, कोट पुरा पडत नाही. म्हणून त्याच संशोधकांनी पुढे बारीक दळलेलं फेरिक पायरोफॉस्फेट वापरून पुन्हा अभ्यास केला. काम असंच पुढे सरकतं, एका ठिकाणी जमलं की दुसरीकडे अडतं.

तुमच्या घरच्या हिमोग्लोबिनबद्दल दोन गोष्टी. एक, हिमोग्लोबिन आधीच ठीक असेल तर ते वाढणारच नाही आणि वाढायलाही नको, शरीर गरजेपुरतंच लोह घेतं. दुसरं, ॲनिमिया म्हणजे दर वेळी लोहच कमी असं नाही. बी-१२, फोलेट, थॅलेसेमिया, किडनीचा आजार, पोटातले जंत, शरीरात दीर्घकाळ चाललेली सूज, पाळीतला जास्त रक्तस्राव, कितीतरी कारणं असतात. सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं आणि ते आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहाची वाटच बंद करतं, मग कोट कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पण तपासून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हाय मॅम, मी फूड टेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये फेरस सल्फेट माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये (स्टार्चपासून बनवलेली पावडर) घालून स्प्रे ड्राय केलंय. पावडर मस्त पांढरट आली, पण दुधात टाकली की दोन मिनिटांत रंग बदलतो. काय चुकतंय? (एक विद्यार्थिनी)

तुझं मशीनवर काही चुकलेलं नाही, भिंत, म्हणजे आवरणाचा माल, चुकीची निवडली आहेस. माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळतं, मग दुधात टाकल्यावर ते दुसरं काय करणार? स्प्रे ड्रायिंगला भिंतीचा माल पाण्यात विरघळणारा लागतो कारण आपण पाण्याचंच द्रावण गरम हवेत फवारतो, त्यामुळे ही पद्धत कोरड्या पावडरींना ठीक, ओल्या पदार्थात लोह झाकून ठेवायला नाही. आणि स्प्रे ड्राय केलेल्या कणात लोह सगळीकडे विखुरलेलं असतं, पृष्ठभागावर पण असतं, म्हणजे पाणी लागायच्या आधीच थोडं लोह उघडं आहे.

तुला हवंय ते फॅटचं आवरण. दोन रस्ते आहेत. स्प्रे चिलिंग म्हणजे वितळलेल्या फॅटमध्ये लोहाची बारीक भुकटी ढवळायची आणि ते मिश्रण थंड हवेत फवारायचं, थेंब पडता पडता गोठतात. सोपं आहे, पण इथेही काही लोह कडेला येतंच. दुसरा रस्ता फ्लुइडाइज्ड बेड, यात लोहाचे दाणे खालून येणाऱ्या हवेवर तरंगत ठेवायचे आणि त्यांच्यावर वितळलेलं फॅट फवारायचं, दाणा फिरून फिरून येतो आणि दर फेरीला थोडा थोडा थर चढतो. कॉलेजात छोटं युनिट असेल तर हेच कर. इथे हवेचं तापमान सांभाळणं हीच खरी कला आहे. हवा जास्त गरम ठेवलीस तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात, फार थंड ठेवलीस तर फॅटचा थेंब दाण्यापर्यंत पोचायच्या आतच गोठतो आणि थर चाळणीसारखा होतो. बाहेरून बघितलं तर दोन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या दिसतात, म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, टेस्ट लाव.

टेस्ट सोपी आहे. एका बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घे, मोजून पावडर टाक, हलकं ढवळत ठेव. दर काही मिनिटांनी थोडं पाणी गाळून काढ आणि त्यात १,१०-फेनॅन्थ्रोलिन टाक. फेरस लोह बाहेर आलेलं असेल तर नारिंगी-लाल रंग येतो, जितकं जास्त तितका गडद, कलरीमीटरवर ५१० नॅनोमीटरला मोजता येतो. पण एक लक्षात ठेव, हे रसायन फेरसला रंग देतं, फेरिकला नाही. बाहेर येऊन फेरिक झालेलं लोह तुला दिसणारच नाही आणि तुला वाटेल कोट भारी आहे. म्हणून नमुन्यात आधी हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड घालून सगळं फेरस करून घे, बफरने पीएच सांभाळ आणि मग रंग बघ. हे नियंत्रण विसरलेले प्रोजेक्ट मी बरेच बघितलेत.

मग दुसरी बाजू, कोट उघडतो का. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३७ अंश, दोन तास, आणि किती लोह सुटलं ते मोज. पण फॅटच्या कोटासाठी एवढ्यावर थांबू नकोस, कारण फॅट ॲसिडने नाही तर लायपेज एन्झाइमने पचतं, तेही मुख्यतः लहान आतड्यात पित्तरसाच्या मदतीने. जमलं तर पँक्रिएटिन (स्वादुपिंडातली एन्झाइम्स) आणि बाइल सॉल्ट (पित्तातले क्षार) घालून पुढची पायरी पण कर, नाहीतर चांगल्या कोटाला उगाच नापास करशील.

आणि कोट किती जाड? डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या २००६ च्या फोर्टिफिकेशन मार्गदर्शिकेतही हा मुद्दा आहे, की आवरण आणि आतला माल यांचं प्रमाण काळजीने निवडा नाहीतर शोषण घटतं. एखाद्या मधल्या प्रमाणापासून सुरुवात कर, मग दोन्ही टेस्ट लावून खालीवर कर. दाणा फार बारीक घेऊ नकोस, पृष्ठभाग वाढतो आणि तेवढाच थर चढवायला खूप जास्त फॅट लागतं. फार मोठा घेतलास तर दाताखाली येतो. प्रोजेक्टला शुभेच्छा, आणि रिपोर्टमध्ये माल्टोडेक्स्ट्रिनचा फसलेला डेटा नक्की टाक, तो उपयोगाचा आहे.

प्रश्न : शिजवल्यावर हे लोह नष्ट होत नाही का? मग घालून काय उपयोग? (एक वाचक)

लोह मूलद्रव्य आहे, आचेने ते नष्ट होत नाही. व्हिटॅमिन सी आचेने जातं, व्हिटॅमिन ए चं नुकसान होतं, लोहाचं तसं नाही. जातो तो कोट. हायड्रोजनेटेड फॅटचे बहुतेक कोट साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान वितळतात, आणि उकळी म्हणजे १०० अंश. म्हणजे उकळत्या पदार्थात कोट निघून जातो आणि लोह मोकळं होतं, मग रंग बदलतो, धान्यातल्या फायटेटला नाहीतर चहातल्या पॉलिफेनॉलला ते चिकटून बसतं आणि शोषण कमी होतं. तरी पिशवीत, डब्यात महिनोन्‌महिने साठवताना कोटाने आपलं काम केलेलंच असतं, ते वाया जात नाही.

उकळीत पण टिकेल असा कोट करायचा प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रॉबर्ट लँगर आणि आना याक्लेनेक यांच्या गटाने केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी औषधाच्या गोळ्यांवर कडू चव झाकायला वापरतात तसलं एक पॉलिमर घेतलं, जे साध्या पाण्यात विरघळत नाही पण पोटातल्या ॲसिडमध्ये पटकन विरघळतं. त्यातले कण दोन तास उकळत्या पाण्यात ठेवले तरी आतला माल बऱ्यापैकी शाबूत राहिला. मला या कामातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी माणसांवर पहिली चाचणी घेतली तेव्हा लोहाचं शोषण अपेक्षेपेक्षा कमी निघालं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. कणाची रचना बदलली, आतलं लोहाचं प्रमाण वाढवलं, पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा शोषण साध्या उघड्या फेरस सल्फेटच्या जवळपास आलं. प्रयोगशाळेतल्या बीकरने जे सांगितलं ते माणसाच्या पोटाने लगेच मान्य केलं नाही. म्हणून बीकरवर थांबायचं नसतं.

प्रश्न : पोटात गेलेलं लोह रक्तात पोचलं हे शास्त्रज्ञांना कळतं कसं? आधीचं लोह कुठलं आणि नवीन कुठलं हे ओळखणार कसं? (नववीतला एक वाचक)

किती छान प्रश्न विचारलास! निसर्गात लोहाचे चार स्थिर आयसोटोप, म्हणजे वजनाने थोडे वेगळे अणू, आहेत, ५४, ५६, ५७ आणि ५८. सगळ्यात जास्त ५६, आणि ५७ व ५८ अगदी थोडे. शास्त्रज्ञ ५७ किंवा ५८ वालं लोह वेगळं काढून त्यापासून अन्नात घालायचं लोह बनवतात. हे किरणोत्सारी नसतं, त्यामुळे भीती नाही. एक दिवस कोट असलेलं लोह ५७ वापरून देतात, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला कोट नसलेलं ५८ वापरून देतात. मग साधारण १४ दिवस थांबतात, कारण शोषलेलं लोह नव्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये जायला तेवढा वेळ लागतो. मग रक्त काढून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्रात, दोन्हींचं प्रमाण मोजतात. एकाच माणसात तुलना झाल्यामुळे याचं पोट वेगळं त्याचं वेगळं हा वाद राहत नाही.

प्रश्न : माझी बायको चार महिन्यांची गरोदर आहे. लोहाच्या गोळ्यांनी तिला खूप मळमळतं. लोहाचं मीठ चालू केलं तर गोळ्या बंद करता येतील का? (एक वाचक)

नाही. कृपया असं करू नका.

आकडे बघा. एक ग्रॅम मिठात एक मिलिग्रॅम लोह धरलं, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, म्हणजे मिठातून जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह घ्यायला सांगतात. मीठ वाढवून हा फरक भरून काढायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका, रक्तदाबाचं काय होईल? फोर्टिफिकेशन हे घरातल्या सगळ्यांच्या ताटात रोज थोडं थोडं लोह जावं म्हणून असतं, कमतरता आधीच झालेली असेल किंवा गरज इतकी वाढलेली असेल तिथे ते उपचाराची जागा घेत नाही. मळमळीबद्दल डॉक्टरांना सांगा, लोहाचा प्रकार बदलता येतो, गोळीची वेळ बदलता येते, काही जणींना एक दिवसाआड गोळी देतात, पण हे त्यांनी ठरवायचं. गोळी घेतल्याच्या आगेमागे तासभर तरी चहा-कॉफी नको. आणि शी काळी होत असेल तर घाबरू नका, लोहाने होते.

प्रश्न : कोट म्हणजे प्लास्टिक ना? आणि सगळ्यांनाच लोह खायला घालणं धोक्याचं नाही का? (एक वाचक)

दोन वेगळे प्रश्न आहेत. कोट बहुतेक वेळा पूर्ण हायड्रोजनेटेड वनस्पती फॅटचा, किंवा सेल्युलोजपासून बनवलेल्या, औषधाच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं वापरात असलेल्या पदार्थांचा असतो. पूर्ण हायड्रोजनेटेड फॅटमध्ये ट्रान्स फॅट नावापुरतं असतं, आणि एका वेळच्या लोहावर कोटाचं फॅट मोजायचं तर मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात त्याबद्दल मात्र प्रश्न विचारणं बरोबर आहे, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये अन्नातला त्याचा वापर बंद केला. सगळ्या देशांनी तसं केलेलं नाही, पण मला विचाराल तर दुसरा पांढरा पर्याय शोधण्यावर जोर द्यायला हवा आणि उत्पादकांनी काय वापरलंय ते पाकिटावर स्पष्ट लिहावं.

धोक्याचं म्हणाल तर निरोगी माणसाचं आतडं गरजेपेक्षा जास्त लोह आत घेत नाही, फोर्टिफाइड अन्नातलं प्रमाणही कमी असतं. पण ज्यांना नियमित रक्त चढवतात असे थॅलेसेमियाचे रुग्ण, किंवा हिमोक्रोमॅटोसिस असलेले, यांच्या शरीरात लोह साठत जातं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. दुसरी गोष्ट न शोषलेल्या लोहाची. ते मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या काही त्रासदायक जिवाणूंना ते आवडतं. आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना लोह घातलेली बिस्किटं दिल्यावर आतड्यातले असे जिवाणू वाढलेले आणि सूजेची लक्षणं वाढलेली दिसली, हा अभ्यास २०१० चा. आणि २००६ मध्ये टांझानियाच्या पेंबा बेटावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तिथे मलेरिया खूप, आणि लहान मुलांना लोह-फोलिक ॲसिडचा रोजचा डोस दिल्यावर गंभीर आजारपण वाढलं. तो डोस औषधासारखा एकदम दिलेला होता, अन्नात मिसळलेला नव्हता, पण त्यानंतर मलेरियाच्या भागात लोह देताना मलेरियापासून बचाव आणि उपचाराची सोय सोबत असलीच पाहिजे हे सगळ्यांनी मान्य केलं. म्हणूनच मी परत परत शोषणावर येते, कमी लोह घालून जास्त शोषलं गेलं तर मागे उरणारं लोहही कमी. खूप घालायचं आणि त्यातलं थोडं लागेल अशी आशा धरायची, हा रस्ता मला पटत नाही.

प्रश्न : लोहाची गोळी कुटून तेलात घोळवून पिठात मिसळली तर घरच्या घरी हेच होईल ना? (एक वाचक)

होणार नाही, आणि करूही नका. खाण्याचं तेल पातळ असतं, त्याचा थर टिकत नाही, आणि मिसळताना लोह एकसारखं पसरत नाही, एका घासात काहीच नाही आणि दुसऱ्यात पूर्ण गोळी. घरात लहान मूल असेल तर हे फार धोक्याचं आहे, लोहाच्या गोळ्या जास्त पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा होते. गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा.

प्रश्न : कोट घातलेलं लोह खूप महाग पडत असेल. गरीब माणसाच्या अन्नात ते परवडणार कसं? (फूड फॅक्टरीत काम करणारे एक वाचक)

दादा, महाग पडतं हे खरंय. मघाशी सांगितलेल्या २००६ च्या मार्गदर्शिकेत तितक्याच लोहामागे साध्या फेरस सल्फेटची किंमत १ धरली तर कोट असलेल्या फेरस सल्फेटची साधारण ११ आणि कोट असलेल्या फ्युमरेटची १७ च्या पुढे दिली होती. आता आकडे बदलले असतील, पण कोट चढवायला मशीन, वीज, फॅट, तपासणी हे सगळं लागतंच. मात्र पदार्थात लोह मुळात इतकं थोडं घालतात की पूर्ण पदार्थाच्या किमतीत हा फरक तेवढा अकरापट दिसत नाही.

पण तुमचा रोख बरोबर आहे, कोट सगळीकडे लागतोच असं नाही. पीठ दळल्यावर लवकर संपणार असेल तर साधं फेरस सल्फेट किंवा फ्युमरेट चालतं. कोंडा न काढलेल्या पिठात, जिथे फायटेट भरपूर असतं, तिथे सोडियम आयर्न ईडीटीए नावाचं लोह फेरस सल्फेटपेक्षा दोन-तीन पट चांगलं शोषलं जातं, ते महाग आहे पण लोह कमी घालून भागतं. तांदळासाठी लोहमिश्रित पिठाचे तांदळासारखे दाणे करून साध्या तांदळात मिसळतात, तिथे फेरिक पायरोफॉस्फेटसोबत सायट्रेट घातलं तर शोषण वाढतं. कोटाची खरी गरज मिठात, कारण तिथे आयोडीन शेजारी आहे, आणि बाळांच्या धान्याच्या पावडरीत, जिथे लोह खूप चांगलं शोषलं जायला हवं पण रंग आणि वास बिघडला तर बाळ तोंड फिरवतं. फॅक्टरीत तुमच्यासमोर प्रीमिक्स (पदार्थात घालायचं लोह वगैरेचं तयार मिश्रण) येईल तेव्हा पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा, लोह कोणतं आहे, कोट कशाचा आहे आणि किती अंशांना वितळतो, आणि माणसांवर शोषणाची चाचणी झालीय का. तुमचं मिक्सर आणि ड्रायर त्या वितळणाऱ्या तापमानाच्या वर जात असेल तर कोटाचे पैसे तिथेच वाया जातील, तेव्हा प्रीमिक्स ड्रायरच्या नंतर घाला.